छतावर वीज पुरेशी, तरी गाडी ग्रिडवरच: एका घराचं प्रकरण

माझ्या आत्येभावाच्या घरी छतावर सोलर आधीपासूनच होतं, इलेक्ट्रिक गाडी नंतर आली. गाडी घेताना सगळ्यांच्या डोक्यात हिशोब एकच होता की वीज घरची, गाडी घरची, इंधनाचा खर्च संपला. झालं उलटंच, वीजबिल चांगलंच वाढलं. दादा म्हणे पॅनल बिघडलेत, वहिनी म्हणे गाडी सांगितली त्यापेक्षा जास्त वीज खाते, आणि पॅनल बसवणाऱ्याचं म्हणणं की घरात बॅटरी लावून घ्या, सगळं सुटेल. मला विजेच्या कामातलं थोडंफार कळतं म्हणून मला बोलावलं, आणि मग आम्ही ते सगळं प्रकरण नीट उलगडून बघितलं, तेच इथे लिहितोय कारण हा घोळ बऱ्याच घरात असाच होतो.

आधी घरातलं सामान सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. ४४० वॅटचे १० पॅनल, म्हणजे ४.४ किलोवॅट. ४ किलोवॅटचा सिंगल फेज ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलच्या डीसीचं एसी करून ग्रिडशी (वीज कंपनीच्या लाइनशी) जोडून चालणारा, घरात बॅटरी नाही. गाडीची बॅटरी ४० युनिटची. भिंतीवर ३२ अँपिअरचा चार्जर, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ७.४ किलोवॅट. दादा आठवड्यातून चार दिवस ऑफिसला जातो, जाऊन-येऊन ६० किलोमीटर, बुधवारी घरून काम, आणि शनिवार-रविवार मिळून इकडेतिकडे ५० किलोमीटर. सकाळी साडेआठला गाडी बाहेर पडते, संध्याकाळी साडेसहाला परत येते, आल्या आल्या प्लग लावायचा ही घरातली शिस्त, फोन चार्जिंगला लावतात तसं.

पॅनल बिघडलेत का हे आधी बघितलं कारण दादाचा त्यावर फार जोर होता. त्याची तक्रार ही की ४.४ किलोवॅटचे पैसे मोजले आणि ऐन दुपारी ॲपमध्ये ३.२, ३.३ च्या वर आकडा जातच नाही. पण त्यात बिघाड काही नाही. पॅनलवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो लॅबमधला, एका चौरस मीटरवर १००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश असं धरून. छतावर ऐन उन्हात सेल ६० अंशाच्या आसपास सहज तापतो आणि दर अंशाला साधारण ०.३५ टक्के उत्पादन पडतं, म्हणजे १२ टक्के तिथेच गेले, त्यावर धूळ, वायरिंग, इन्व्हर्टरचे दोन-तीन टक्के, आणि सूर्य काही दिवसभर पॅनलच्या समोर उभा राहत नाही. चार वाजल्यानंतर पाण्याच्या टाकीची सावली दोन पॅनलवर येते ते वेगळं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १७ युनिट निघत होते, किलोवॅटमागे चारच्या आसपास, हे ठीकठाक आहे. पॅनल निर्दोष.

गाडी जास्त खाते का? तेही नाही. शंभर किलोमीटरला बॅटरीतून १५ युनिट, मध्यम गाडीला हे वाजवीच आहे. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, बॅटरीत जितकं भरलं जातं त्यापेक्षा भिंतीतून जास्त घेतलं जातं. भिंतीवरची पेटी एसीचं डीसी करत नाही, ते काम गाडीच्या आतला ऑन-बोर्ड चार्जर करतो आणि तो करताना तापतो, शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कॉम्प्युटर, पंप वगैरे जागे असतात त्यांचा खर्च वेगळा. सगळं धरून १० ते १५ टक्के वाढवून पकडायचे. महिन्याला साधारण १२५० किलोमीटर होतात, म्हणजे बॅटरीतून १८७ युनिट आणि मीटरवर २१५. सहज म्हणून सांगतो, या हिशोबाने छतावरचा एक पॅनल म्हणजे उन्हाच्या दिवसाला साधारण १० किलोमीटर. किती पॅनल लावू असं कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो, बाकीची आकडेमोड नंतर.

आता खरी गंमत. त्या महिन्यात पॅनलनी ५१० युनिट दिले. घराला लागले २८५, गाडीला २१५, एकूण ५००. म्हणजे लागलं त्यापेक्षा १० युनिट जास्तच तयार झाले! दादा हाच कागद घेऊन बसला होता की बघ, मी वीज वर विकतोय आणि तरी बिल येतंय, मीटरच चुकीचा आहे.

मीटर चुकीचा नव्हता. महिन्याच्या बेरजा जुळत होत्या, तासाच्या जुळत नव्हत्या. ५१० पैकी घराने थेट उन्हातून वापरले फक्त १२०, कारण दिवसा घरात आत्या आणि वहिनी दोघीच, फ्रिज, पंखे, मशीन, झालं. बाकीचे ३९० ग्रिडला गेले. आणि संध्याकाळी दिवे, गीझर, स्वयंपाकघर आणि गाडी असं सगळं मिळून ३८० युनिट ग्रिडमधून आले. गाडीचे २१५ जवळजवळ सगळेच्या सगळे त्यात. बुधवारी गाडी दिवसभर दारात उभी, पण मंगळवारी रात्रीच भरून झालेली, त्यामुळे बुधवारचं ऊन पण ग्रिडलाच. छतावरच्या विजेवर गाडी महिनाभरात जवळपास एक किलोमीटरही चालली नव्हती.

यात नुकसान आहे की नाही हे पूर्णपणे हिशोबाच्या पद्धतीवर ठरतं, आणि हा प्रश्न पॅनल लावण्याआधी विचारायचा असतो. युनिटला युनिट वजा होणारं नेट मीटरिंग असेल तर ग्रिड हीच तुमची फुकटातली बॅटरी, दुपारी ठेवा, रात्री काढा, काही डोकं लावू नका, हा लेख इथेच बंद केला तरी चालेल. दादाचं कनेक्शन तसं नाही. त्याच्याकडे विकलेल्या युनिटला घेतलेल्या युनिटपेक्षा बराच कमी भाव मिळतो, वर संध्याकाळच्या तासांना दर चढा आणि मध्यरात्रीनंतर उतरता. म्हणजे तो दुपारी स्वस्तात विकत होता आणि साडेसहाला, दिवसातल्या सगळ्यात महाग वेळेला, ७.४ किलोवॅटने खेचून घेत होता. पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर त्याची वीज वाया गेली नाही, शेजारच्यांच्या फ्रिजने खाल्ली. पण बिल तर दादाच्याच नावाने येतं ना.

मग उपाय. सगळ्यात आधी तो घरच्या बॅटरीचा, कारण कोटेशन टेबलावर पडलेलंच होतं, १० युनिटच्या बॅटरीचं. मी विरोध केला आणि अजूनही माझं तेच मत आहे. उन्हातले १० युनिट घरच्या बॅटरीत घालून काढले की हातात ९ येतात, तेच गाडीत भरले की ८ पेक्षा थोडे कमी. म्हणजे एका बॅटरीतून काढून दुसऱ्या बॅटरीत ओतायचं आणि वाटेत पाचवा हिस्सा सांडायचा. घराच्या संध्याकाळच्या वापरासाठी बॅटरी असेल तर तो वेगळा विषय, त्यात अर्थ असू शकतो, वीज वारंवार जात असेल तर नक्कीच. पण चाळीस युनिटची बॅटरी आधीच अंगणात चाकांवर उभी असताना तिच्यासाठी म्हणून आणखी दहाची विकत घेणं मला पटत नाही.

दुसरा प्रश्न दादाचा, पॅनलची वायर डायरेक्ट गाडीला जोडली तर? दोन्हीकडे डीसीच आहे ना? डीसी आहे हे खरं, पण गाडीचं डीसी पोर्ट समोरच्या चार्जरशी आधी बोलतं, व्होल्टेज किती, करंट किती हे ठरवतं, मगच आतला कॉन्टॅक्टर (बॅटरी जोडणारा मोठा स्विच) जोडला जातो. पॅनलचं व्होल्टेज ढगागणिक हलतं. नुसती वायर जोडली तर गाडी ती घेणार नाही आणि जबरदस्ती कोणी करू नये, शे-दोनशे व्होल्टच्या वरचं डीसी माणसाला सोडत नाही. सोलरवरून थेट डीसी चार्जिंग करणारी यंत्रं निघालीत पण फक्त दहा पॅनल आणि एक गाडी असणाऱ्या घराला ती परवडण्यातली नाहीत.

मग उरलं काय तर ऊन असेल तेव्हा गाडी भरायची, इतकं साधं. वहिनीनेच ते आधी बोलून दाखवलं, रोज रात्री का भरता, टाकी मोठी आहे ना? बरोबर बोलली. गाडी कंपनीने रोजच्या वापराला ८० टक्क्यांपर्यंतच भरा असं सांगितलंय (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली बॅटरी आहे, लोह-फॉस्फेटवाली असती तर अधूनमधून पूर्ण भरा असं सांगतात), आणि २० च्या खाली दादाचा जीव घाबरतो. म्हणजे ४० पैकी वापरायला २४. रोजचं ऑफिस ९ युनिट खातं. सोमवार-मंगळवार मिळून १८, बुधवारी गाडी घरी. गुरुवार-शुक्रवार परत १८, शनिवार-रविवार घरी. कागदावर इतकं छान बसतं की कोणीतरी ठरवून केल्यासारखं वाटतं.

पण बुधवारी ३२ अँपिअरवर चार्जिंग चालू केलं की लगेच दुसरा घोळ समोर आला. पॅनल देतायत ३.२ किलोवॅट, घर खातंय अर्धा, उरले २.७, आणि गाडी मागते ७.४. उरलेले ४.७ भर दुपारी ग्रिडमधून! अडीच-तीन तासात गाडी भरून मोकळी आणि नंतरचं सगळं ऊन परत ग्रिडला. तर वेग कमी करायला हवा. इथे चार्जिंगच्या स्टँडर्डची एक मर्यादा आहे, ६ अँपिअरच्या खाली जाता येत नाही. भिंतीवरची पेटी गाडीला एका पायलट वायरमधून १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल पाठवत असते आणि त्या सिग्नलची रुंदी बघून गाडी ठरवते किती करंट घ्यायचा, १० टक्के रुंदी म्हणजे ६ अँपिअर, २० टक्के म्हणजे १२. सहापेक्षा कमी सांगायची सोयच नाही, त्यापेक्षा कमी हवं असेल तर चार्जिंग थांबवायचं. सिंगल फेजला ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅटच्या जवळपास. थ्री फेज असतं तर तिन्ही फेजचे मिळून कमीत कमी ४.१ किलोवॅट झाले असते आणि दादाच्या छताला ते कधीच झेपलं नसतं, तेव्हा सिंगल फेज इथे फायद्याचंच ठरलं.

मग सहावरच ठेवू ना दिवसभर, सुरक्षित, असं दादा म्हणाला. त्यातही मेख आहे. चार्जिंग चालू असताना गाडी स्वतःसाठी साधारण २०० वॅट खाते असं धरा. १.४ किलोवॅटमधले २०० म्हणजे १४ टक्के, २.७ मधले म्हणजे ७, आणि ७.४ मधले ३ सुद्धा नाहीत. त्यावर ऑन-बोर्ड चार्जरचं नेहमीचं नुकसान सात-आठ टक्के. म्हणजे फार हळू भरलं तर पाचवा हिस्सा हवेत जातो, फार जोरात भरलं तर ग्रिड लागतं. या घरासाठी १० ते १३ अँपिअर ही मधली जागा, साधारण सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. ढग आला तर? हाताने कमीजास्त करत बसणं अशक्य आहे. (दादाने दोन आठवडे ते केलं. मीटिंग चालू असताना एका हातात फोन, ढग आला की ८ अँपिअर, गेला की १२. एका रविवारी तर ऊन चांगलं आहे म्हणून बाहेर जायलाच नाही म्हणाला, त्यावर वहिनी जे बोलली ते इथे लिहीत नाही.)

शेवटी चार्जर बदलला. नवीन चार्जरबरोबर एक सीटी क्लॅम्प येतो, मेन लाइनच्या वायरवर चिमट्यासारखा बसतो आणि वीज बाहेर जातेय की आत येतेय ते मोजतो. बाहेर जात असेल तर चार्जर गाडीचा करंट वाढवतो, आत यायला लागली की कमी करतो, सहाच्या खाली गेलं की थांबतो. दोन सेटिंग महत्त्वाची. एक, थोडी वीज ग्रिडमधून आली तरी चालेल अशी सूट, नाहीतर तुटक ढगांच्या दिवशी चार्जिंग सारखं चालू-बंद होत राहतं आणि गाडीतला कॉन्टॅक्टर टकटक करत बसतो. दुसरं, थांबल्यावर परत चालू करायच्या आधी काही मिनिटं वाट बघणं. क्लॅम्प बसवताना बाणाची दिशा उलटी झाली तर चार्जर नेमका उलटा वागतो, ऊन असताना बंद आणि रात्री जोरात, तेव्हा पहिल्याच दिवशी केटल लावून आकडा कुठल्या बाजूला हलतो ते बघून घ्यावं.

वायरिंगचं पण सांगायला हवं कारण त्यावर कोणी बोलत नाही. चार्जरला वेगळी लाइन, वेगळा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच), वेगळा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच), आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी लीकेज ओळखायची सोय आहे की नाही हे विचारून घ्यायचं, कारण साध्या आरसीसीबीला डीसी लीकेज झालं की तो आंधळा होतो आणि पडायच्या वेळी पडत नाही. अर्थिंग खराब असेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच घेत नाहीत आणि लोक गाडीला नावं ठेवतात. तीन पिनच्या सॉकेटवर रोज सहा-सात तास १० अँपिअर चालवायचे असतील तर ते सॉकेट हाताला किती गरम लागतं ते एकदा बघाच. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

आत्याने एकच प्रश्न विचारला होता, लाईट गेली तर ऊन आहे म्हणून गाडी भरेल का? नाही भरणार. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेली की लगेच स्वतःला बंद करतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला मागून करंट बसायचा. भर उन्हात छतावर ४ किलोवॅट आणि घरात अंधार, हे ऐकून आत्याला हसूच आलं. त्यासाठी हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसली तरी चालणारा) आणि बॅटरी लागते. गाडीतूनच घर चालवायची सोय जगात नवीन नाही, जपानमध्ये निसान लीफवर २०१२ पासून आहे, पण त्याला गाडी आणि चार्जर दोघांचीही तयारी हवी आणि दादाच्या गाडीत ती नाही.

आता निकाल. तीन दिवस गाडी घरी, स्वच्छ ऊन असेल तर दिवसाला बारा युनिट वरचे उरतात, त्यातले दहा बॅटरीत पोचतात. म्हणजे आठवड्याला तीस. गरज आहे साडेत्रेचाळीसची. तर कागदावर छान बसणारं ते वेळापत्रक प्रत्यक्षात पूर्ण पुरत नाही, बुधवारी अठरा भरायचे असतात आणि येतात दहा. शुक्रवारी संध्याकाळी गाडी वीस टक्क्यांच्या खाली जाणार हे दिसतंच, म्हणून गुरुवारी मध्यरात्रीनंतर स्वस्त दरात थोडी ग्रिडवरून भरायची, तेवढं टायमरवर टाकलंय. चांगल्या आठवड्यात दोन-तृतीयांश गाडी उन्हावर, ढगाळ आठवड्यात निम्म्याच्या खाली. सुरुवातीच्या त्या महिन्याशी तुलना केली तर ग्रिडला जाणारे ३९० वरून २६० च्या आसपास आले आणि घेतलेले ३८० वरून २५५-२६० वर, आणि घेतलेल्यातले गाडीचे जे आहेत ते महाग वेळेतले नाहीत. बिलात खरा फरक पडला तो माझ्या मते निम्मा तरी या दुसऱ्या गोष्टीने, संध्याकाळी साडेसहाला प्लग न लावण्याने. आणि त्याला नवीन चार्जर लागतच नाही, जुन्यातही टायमर होता, कोणी उघडून बघितला नव्हता.

चार्जरचा खर्च वसूल होईल का असं विचाराल तर दादाच्या घरात होईल पण लवकर नाही. गाडी आठवड्यात एकच दिवस घरी असणाऱ्याने तो घेऊ नये, टायमर लावावा आणि एक्सपोर्टचे जे मिळतात ते घ्यावेत. उलट ज्याची गाडी दिवसा दारातच असते, रिटायर्ड माणसं, घरून काम करणारे, दुकान घराखाली असलेले, त्यांना साध्या चार्जरवर १० अँपिअर लावून ठेवलं तरी बरंचसं साधतं.

दादाला आता चार पॅनल वाढवायचेत, पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे गाडी परत येईल तेव्हा थोडं ऊन उरलेलं असेल. मोठ्या दिवसांत फार तर पाऊण तास मिळेल, तोही उतरत्या उन्हाचा, चार पॅनल मिळून सहा अँपिअरला सुद्धा पुरणार नाहीत, आणि लहान दिवसांत साडेसहाला अंधारच. मी नको म्हटलंय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट लावायचं तिथे घाटतंय असं तो सांगत होता, ते झालं तर गाडी दिवसाच भरली जाईल आणि हे सगळं वेळापत्रक परत नव्याने मांडावं लागेल, तोवर पाण्याची टाकी थोडी सरकवून त्या दोन पॅनलवरची सावली काढता येते का ते बघायला प्लंबरला सांगितलंय.